शत्रू नसलेल्या बेटावरचा गोळीबार

१५ ऑगस्ट १९४३ ला उत्तर प्रशांत महासागरातल्या किस्का बेटावर अमेरिका आणि कॅनडाचं मिळून सुमारे ३४ हजारांचं सैन्य उतरायला लागलं. बेट जपान्यांच्या ताब्यात आहे आणि लढाई घनघोर होणार, असं प्रत्येकाच्या मनावर ठसवलेलं होतं. प्रत्यक्षात २८ जुलैलाच जपानी आरमाराने धुक्याचा फायदा घेऊन आपली पाच हजारांवर माणसं तिथून उचलून नेली होती. बेटावर एकही जपानी सैनिक उरला नव्हता. तरी धुक्यात हलणाऱ्या आकृत्यांवर गोळ्या सुटल्या, समोरून उत्तर आलं, आणि माणसं पडली. मारणारे आणि मरणारे एकाच बाजूचे होते.

गोळीबाराच्या शिस्तीबद्दल लिहायचं तर किस्कापासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. शत्रू तिथल्या हिशेबातून पूर्ण वजा झाला होता. मागे राहिल्या तीन गोष्टी: नीट न दिसणं, समोर शत्रू असणारच ही खात्री, आणि शेजारची तुकडी नेमकी कुठे आहे हे ठाऊक नसणं. आपल्या माणसाला लागलेली गोळी बहुतेक वेळा अगदी अचूक मारलेली असते. मारणाऱ्याने जिथे नेम धरला तिथेच ती जाते, पण तिथे कोण आहे हे त्याला माहीत नसतं. म्हणून या शिस्तीचा मोठा भाग पहिली गोळी सुटण्याच्या आधी पार पडलेला असावा लागतो. चकमक सुरू झाल्यावर तो करायला वेळ मिळत नाही.

आधी एकट्या सैनिकाचा हात बघू. जिथे गोळी जाऊन चालणार नाही तिकडे नळीचं तोंड वळवायचं नाही. मारायचं ठरून नेम बसेपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर, रायफलीच्या अंगाला सरळ लावलेलं. सेफ्टी लावलेली. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय चाप ओढायचा नाही. सरावाच्या मैदानावर हे चारही नियम सगळे पाळतात. ते मोडतात दमल्यावर: रात्रभर चालून आल्यानंतर, ओढा ओलांडताना, गाडीतून उतरताना, दारातून आत शिरताना. दचकलेल्या माणसाची मूठ आपोआप आवळते. तोल सावरायला एका हाताने काही घट्ट धरलं की दुसऱ्या हाताची बोटंही आवळली जातात. त्या क्षणी बोट चापावर असेल तर गोळी सुटते, आणि समोर असते ती पुढे चालणाऱ्या सोबत्याची पाठ. बोट बाहेर ठेवायची सवय या एका कारणासाठी हाडीमाशी रुजवावी लागते. चौथा नियम गावात, इमारतीत सगळ्यात जास्त विसरला जातो. रायफलीची गोळी दार, पत्रा, पातळ भिंत यांना जुमानत नाही आणि पलीकडच्या खोलीत आपलीच दुसरी टोळी असू शकते.

मग दारूगोळ्याचा हिशेब. मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगाने चालणारी रायफल सेकंदाला १० गोळ्या ओकते, म्हणजे ३० गोळ्यांचं मॅगझिन ३ सेकंदांत रिकामं. अमेरिकी पायदळातला सैनिक साधारण ७ मॅगझिन, २१० गोळ्या घेऊन निघतो. मॅगझिन बदलायचा वेळ सोडला तर तो सगळा साठा २१ सेकंदांचा आहे. मशीनगनचंही तसंच. एम-२४० जातीच्या ७.६२ मिमी मशीनगनचा सतत माऱ्याचा दर मिनिटाला १०० गोळ्या धरतात, ६ ते ९ गोळ्यांच्या तुकड्यांत, मध्ये ४-५ सेकंद थांबून, आणि दर १० मिनिटांनी बॅरल बदलून. जलद माऱ्यात मिनिटाला २०० गोळ्या आणि दर २ मिनिटांनी नवं बॅरल. चाप दाबून धरला तर दर मिनिटाला बॅरल बदलावं लागतं. घाबरलेला गनर तुकड्या पाडत नाही, नुसता झाडत सुटतो. बॅरल तापतं, गोळ्या विखुरतात, आणि खरा हल्ला येतो तेव्हा एक तर पट्टा संपलेला असतो नाहीतर बॅरल बदलणं चालू असतं.

अशा गोळीबाराचा दुसरा धोका याहून वाईट: त्याची साथीसारखी लागण होते. एकाने झाडली की शेजारचा झाडतो. शेजाऱ्याला लक्ष्य दिसलेलं नसतं, पण याला काहीतरी दिसलं असणार असं तो धरून चालतो. ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीच्या किनाऱ्यावर हेच झालं. अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना घेऊन १४४ वाहतूक विमानं येत होती. खाली त्यांच्याच बाजूची जहाजं आणि विमानवेधी तोफा होत्या, आणि थोड्याच वेळापूर्वी जर्मन विमानांचा हल्ला होऊन गेला होता. पहिल्या काही विमानांनी सैनिक सुखरूप उतरवले. मग एका तोफेने मारा सुरू केला आणि बघता बघता सगळा किनारा पेटला. २३ विमानं पाडली गेली. आपली विमानं येणार आहेत हा निरोप आधी दिलेला होता. तो प्रत्येक तोफेपर्यंत पोचला नव्हता, आणि जिथे पोचला होता तिथेही शेजारच्या तोफेचा आवाज त्या निरोपापेक्षा जास्त पटला.

ही लागण तोडायला गोळीबाराचा हुकूम ठरलेल्या साच्यातच द्यायचा असतो. ब्रिटिश वळणाच्या सैन्यांत त्याची चार अंगं शिकवतात: कोणी मारायचं, किती अंतरावर, कुठे, आणि कसं. उदाहरणार्थ: ‘दोन नंबर सेक्शन. तीनशे. समोर एकटं झाड, झाडापासून घड्याळात तीन वाजता, झुडूप, झुडपात मशीनगन. सावकाश, माझ्या हुकमावर.’ हा क्रम उगाच नाही. ज्याला उद्देशून हुकूम आहे त्याने कान टवकारावे म्हणून नाव आधी. अंतर नंतर, म्हणजे त्याला साइट लावता येते आणि नजर किती लांब न्यायची हेही कळतं. खूण मोठ्या, सगळ्यांना दिसणाऱ्या वस्तूपासून लहान वस्तूकडे. मारण्याचा प्रकार सगळ्यात शेवटी, कारण तो आधी सांगितला तर बाकीचं कुणी ऐकत नाही. प्रत्येक अंगानंतर क्षणभर थांबायचं. नवखा हुकूम देणारा हे सगळं एका दमात ओरडतो, आणि मग निम्मी माणसं एका झुडपावर आणि निम्मी दुसऱ्यावर मारत बसतात. घड्याळाची पद्धत चुकते तीही बहुधा एकाच कारणाने. तबकडी उभी आहे असं समजून तिचा मध्य खुणेच्या वस्तूवर धरायचा असतो, पण काही जण घड्याळ आपल्याभोवती जमिनीवर आडवं कल्पितात. सरावात कोण कुठलं घड्याळ धरतोय ते आधीच विचारून घ्यावं.

प्रत्येक हत्याराला माऱ्याची हद्द ठरवून देणं हा संरक्षणातला कणा. डावी हद्द, उजवी हद्द, आणि किती लांबपर्यंत. दिवसा ती झाड, खांब, टेकडीचा खांदा अशा खुणांवर ठरवतात, आणि इथेच घोटाळा होतो: रात्री त्या खुणा दिसत नाहीत. अंधारात आवाजाच्या दिशेने नळी फिरते आणि हद्द ओलांडून शेजारच्या खंदकावर जाते. म्हणून खंदकाच्या कडेला, बॅरलच्या दोन्ही बाजूंना जाड खुंट्या ठोकतात. नळी खुंटीला अडली की त्यापुढे आपली माणसं आहेत, हे डोळे मिटूनही कळतं. खुंटी ठोकण्याआधी शेजारच्या मोर्चात स्वतः जाऊन तिथून आपली नळी बघावी. नकाशावर ठरवलेल्या हद्दी जमिनीवरच्या चढउतारात वेगळ्याच निघतात. मग मोर्चाचा छोटा आराखडा कागदावर काढायचा: हद्दी, ठळक खुणा आणि त्यांची अंतरं, जिथे गोळी पोचत नाही ती खोलगट जागा. एक प्रत मोर्चात, एक कमांडरकडे. पहारा बदलताना ती प्रत वाचून हातात द्यायची आणि सोबत एक वाक्य सांगायचंच: ‘आपली कोणती माणसं आत्ता पुढे आहेत.’ टेहळणीला पुढे गेलेले दोघे परत यायच्या आत पहारा बदलला आणि नव्या पहारेकऱ्याला ते सांगायचं राहिलं, तर पुढची सगळी तयारी मातीमोल होते.

चढाईत गणित उलटतं, कारण आता आपली माणसंच माऱ्याच्या दिशेने सरकत असतात. एक टोळी लांबून शत्रूला दाबून ठेवते, दुसरी बाजूने चाल करते. दोघांच्या दिशा जितक्या काटकोनाजवळ तितकं बरं. मागून, डोक्यावरून किंवा लहान कोनातून मारा करावा लागला तर शेवटच्या, सगळ्यात महत्त्वाच्या क्षणी तो थांबवावा लागतो. काटकोनात असेल तर चाल करणारे पुढे येतील तसा मारा त्यांच्या पुढे पुढे सरकवत नेता येतो. यासाठी तीन वेगळे इशारे लागतात: मारा बाजूला सरकवा, मारा पलीकडे न्या, मारा बंद करा. प्रत्येकाला मुख्य आणि पर्यायी अशी दोन साधनं हवीत, रेडिओ आणि रंगीत फ्लेअर (आकाशात उडवायची पेटती खूण), किंवा धूर आणि शिट्टी. चुका ठरावीक असतात. हिरव्या फ्लेअरचा अर्थ एका टोळीला ‘सरकवा’ आणि दुसरीला ‘बंद’ असा सांगितला जातो. वाऱ्याने धूर भलतीकडे जातो. मशीनगनशेजारी शिट्टी ऐकू येत नाही. म्हणून मारा देणाऱ्या टोळीत एका माणसाचं काम फक्त चाल करणाऱ्यांवर नजर ठेवणं हे असावं. माऱ्याच्या बाजूला सगळ्यात जवळ असलेला चढाईतला माणूस हाच त्याचा मोजमापाचा खांब. तो माणूस दिसेनासा झाला की इशाऱ्याची वाट न बघता मारा थांबवायचा.

आणि चढाई कुठे थांबणार तेही आधीच ठरवायला हवं. मोर्चा जिंकल्याच्या भरात माणसं पलीकडच्या उतारावर धावत जातात. पलीकडे तर आपल्याच तोफांचा मारा नुकताच नेलेला असतो. ओलांडायची नाही अशी रेषा रस्ता, नाला, कुंपण अशा पायाला लागणाऱ्या गोष्टीवर ठेवावी. नकाशावरच्या समोच्च रेषेवर ठेवली तर धावणाऱ्याला ती कळत नाही.

तोफखान्याबद्दल एक गोष्ट कळली की बाकीच्या पुष्कळशा गोष्टी आपोआप कळतात: गोळे विखुरतात ते गोल वर्तुळात नाही, लांबट अंड्याच्या आकारात, आणि त्या अंड्याची लांबी माऱ्याच्या दिशेत असते. डावी-उजवीकडची चूक कमी, लांब-आखूडची चूक जास्त. बॅरल झिजलं की गोळ्याचा वेग घटतो आणि तो आखूड पडतो. दारू थंड असली की आखूड. समोरून वारा आला की आखूड. आपले सैनिक तोफा आणि लक्ष्य यांच्या मधोमध, त्याच रेषेवर असले की आखूड गोळा थेट त्यांच्यावर. पहिल्या महायुद्धात पायदळ सरकत्या भडिमाराच्या मागोमाग चालायचं. ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समधल्या व्हिमी टेकडीवर भडिमार दर ३ मिनिटांना १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, पुढे जात होता. मागे राहिलं तर शत्रू खंदकातून डोकं वर काढतो, फार जवळ गेलं तर आपलाच आखूड गोळा. झिजलेल्या तोफांनी त्या युद्धात काय केलं असेल याचा अंदाज फ्रेंच जनरल पर्सां यांनी १९२१ मध्ये मांडला: एकट्या फ्रान्सचे ७५ हजार सैनिक आपल्याच तोफांनी मेले वा जखमी झाले.

हीच लांबट चूक बाँबफेकीलाही लागू पडते आणि तिचा सर्वांत कडू पुरावा फ्रान्समधल्या नॉर्मंडीत आहे. जुलै १९४४ मध्ये सँ-लोच्या पश्चिमेला जर्मन फळी फोडण्याआधी अमेरिकी जड बाँबर विमानांनी एका चौकोनावर बाँब टाकायचे होते. चौकोनाची हद्द म्हणून एक सरळ रस्ता धरला होता. अमेरिकी भूदलाचे जनरल ब्रॅडली यांना विमानं त्या रस्त्याला समांतर यायला हवी होती, म्हणजे आखूड पडलेला बाँबही शत्रूच्याच भागात पडला असता. हवाई दलाचं म्हणणं, अरुंद बाजूने इतकी विमानं ठरलेल्या वेळात आत येऊच शकत नाहीत. विमानं काटकोनात, आपल्याच सैनिकांच्या डोक्यावरून आली. सैनिकांना सुमारे १,२०० यार्ड मागे घेतलं होतं. २४ जुलैला आणि पुन्हा २५ जुलैला बाँब आखूड पडले. पहिल्या बाँबांचा धूर आणि धूळ वाऱ्याने अमेरिकी फळीकडे सरकली आणि रस्ता झाकला गेला. मागच्या विमानांनी ती धूळ हेच लक्ष्य समजून बाँब टाकले. दुसऱ्या दिवशी १११ मेले आणि ४९० जखमी झाले. मेलेल्यांत लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअर होते. दोन्ही बाजूंची कारणं खरी होती, आणि तरी निर्णय कुणा एकाने स्पष्टपणे दिला नाही, हे मला या घटनेत सगळ्यात जास्त लागतं.

आज मॉर्टर आणि तोफांच्या माऱ्यात आपली माणसं लक्ष्यापासून ६०० मीटरच्या आत असली तर अमेरिकी पद्धतीत मागणी करणाऱ्याने ‘डेंजर क्लोज’ (धोका वाटेल इतकं जवळ) हे शब्द उच्चारावेच लागतात. त्याने मारा थांबत नाही, पण तोफेवर सगळं पुन्हा तपासलं जातं आणि पहिला गोळा मुद्दाम पलीकडे टाकून थोडा थोडा जवळ आणतात. जवळून पलीकडे कधीच नाही. जागा सांगतानाही आकड्यांचा अर्थ माहीत हवा. नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा सहा आकडी ग्रिड म्हणजे १०० मीटरचा चौकोन, आठ आकडी म्हणजे १० मीटरचा. नकाशा एका डेटमवर (जागा मोजायच्या मूळ आधारावर) आणि जीपीएस दुसऱ्यावर असेल तर शेकडो मीटरची चूक होते, आणि आकडे मात्र दोन्हीकडे अगदी नीटनेटके दिसतात.

यंत्रावर विसंबण्याचं मोल ५ डिसेंबर २००१ ला अफगाणिस्तानात मोजलं गेलं. बाँबसाठी लक्ष्याचे अक्षांश-रेखांश काढणाऱ्या हातातल्या जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. बॅटरी बदलल्यावर ते यंत्र लक्ष्याची नाही, स्वतःची जागा दाखवत सुरू व्हायचं. तेच आकडे वर कळवले गेले. दोन हजार पौंडी बाँब तंतोतंत त्या आकड्यांवर पडला. अमेरिकेचे तीन सैनिक आणि त्यांच्या सोबतचे अफगाण मेले, आणि पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई थोडक्यात बचावले. हे पकडायची चाळणी साधी आहे: आकडे पाठवण्याआधी ते नकाशावर टेकवायचे, आणि आपली जागा व लक्ष्याची जागा शेजारी शेजारी लिहून दोन्हींत अंतर आहे ना ते बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

विमानाकडून मदत मागताना नऊ ओळींचा ठराविक निरोप देतात. त्यातली चौथी ओळ लक्ष्याची उंची आणि सहावी लक्ष्याची जागा. या दोन आणि जे काही निर्बंध असतील ते वैमानिकाने परत म्हणून दाखवायचेच. आठव्या ओळीत आपली माणसं कुठे आहेत ते असतं. इथे दोन शब्द कधीच एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत: ‘टॅली’ म्हणजे लक्ष्य दिसलं, ‘व्हिज्युअल’ म्हणजे आपली माणसं दिसली. १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकवर दोन अमेरिकी एफ-१५ विमानांना खाली दोन हेलिकॉप्टर दिसली. पुढच्या वैमानिकाने वेगात जवळून जात ती रशियन बनावटीची हाइंड असल्याचं कळवलं. मागच्याने ‘टॅली टू’ म्हटलं. दोन दिसली, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्याने ते ओळख पटल्याचा दुजोरा म्हणून घेतलं. ती अमेरिकी ब्लॅक हॉक होती. २६ माणसं मेली. त्या हेलिकॉप्टरांवर बाहेरून लावलेल्या इंधन टाक्यांनी त्यांचा आकार बदलला होता, आणि त्या प्रदेशात वापरायचा ओळख-संकेत त्यांच्या वैमानिकांना कुणी सांगितलाच नव्हता.

‘दिसलं’ आणि ‘ओळखलं’ यांतलं अंतर मोजता येतं. रात्रीच्या दुर्बिणींसाठी वापरल्या जाणाऱ्या जॉन्सन निकषानुसार, काहीतरी आहे एवढं कळायला लक्ष्याच्या सगळ्यात लहान मापावर प्रकाश-अंधाराच्या रेषांची १ जोडी पुरते. रणगाडा आहे की ट्रक हे कळायला ४ जोड्या लागतात. कोणता रणगाडा हे कळायला ६.४. म्हणजे एखाद्या थर्मल दुर्बिणीत जितक्या लांबून ठिपका दिसतो, त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकं जवळ गेल्यावरच तो कुणाचा ते सांगता येतं. तोफेचा पल्ला मात्र ठिपक्यापर्यंत पोचतो. १९९१ च्या आखाती युद्धात लढाईत मेलेल्या १४८ अमेरिकनांपैकी ३५ आपल्याच माऱ्याने गेले, त्यामागे हे अंतर मोठं कारण होतं. वाळवंटात सगळंच लांबून दिसतं, आणि लांबून सगळं सारखं दिसतं.

खुणा लावणं हा यावरचा उपाय, पण खूण काय सांगते हे बघणाऱ्याच्या डोक्यात आधी असावं लागतं. २८ मार्च २००३ ला इराकमध्ये ब्रिटिश चिलखती गाड्यांवर मित्रपक्षाची ओळख म्हणून नारिंगी पट्टे होते. वरून बघणाऱ्या अमेरिकी ए-१० विमानांच्या वैमानिकांनी ते नारिंगी रॉकेट समजून हल्ला केला. इथे आपलं कुणी नाही, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. १० डिसेंबर १९७१ ला खुलन्याकडे जाणाऱ्या पद्मा आणि पलाश या मुक्तिवाहिनीच्या गनबोटींवर ओळखीसाठी पिवळी खूण होती, तरी भारतीय विमानांनी त्या बुडवल्या. नॉर्मंडीच्या वेळी दोस्तांच्या विमानांवर रंगवलेले पाच काळे-पांढरे पट्टे मात्र उपयोगी पडले. ते मोठे होते, प्रत्येक विमानावर होते, आणि खालच्या प्रत्येकाला ते एकाच वेळी सांगितले गेले होते.

आकाशाकडे मारणाऱ्यांसाठी तीन पायऱ्यांची पद्धत आहे. पहिलीत हत्यारं आवरून धरलेली: स्वतःवर हल्ला झाला किंवा थेट हुकूम आला तरच मारायचं. दुसरीत आवळलेली: शत्रू म्हणून नक्की ओळखलं तरच. तिसरीत मोकळी: आपलं म्हणून ओळखलं नाही त्यावर मारता येतं. पायरी बदलल्याचा निरोप प्रत्येक तोफेकडून परत म्हणवून घ्यायचा आणि वेळेसह लिहायचा. हल्ला झाल्यावर ‘मोकळी’ केलेली पायरी परत आवळायला विसरणं ही जुनी चूक. २८ जून १९४० ला लिबियातल्या तोब्रुकवर ब्रिटिश हल्ला होऊन गेल्यावर लगेच उतरायला आलेलं इटालियन मार्शल इटालो बाल्बो यांचं विमान इटालियन तोफांनीच पाडलं.

रेडिओने संकेत विचारून आणि त्याचं उत्तर घेऊन यंत्राने ओळख पटवण्याबाबत एक वाक्य सतत ध्यानात ठेवावं लागतं: उत्तर आलं तर तो आपला, उत्तर आलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही. यंत्र बंद असेल, बिघडलं असेल, कालचा संकेत लावलेला असेल. ६ जून १९८२ ला फॉकलंडमध्ये ब्रिटिश युद्धनौका कार्डिफने ब्रिटिशांचंच गझेल हेलिकॉप्टर पाडलं आणि त्यात चौघे गेले. मार्च २००३ मध्ये अमेरिकी पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने ब्रिटिश टॉर्नेडो विमानाला आपल्या रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र समजून पाडलं. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामजवळ भारतीय हवाई दलाच्या क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक होती असं जाहीर सांगितलं. असं मान्य करणं फार गरजेचं आहे. लपवलेल्या घटनेतून पुढच्या तुकडीला काहीच शिकता येत नाही.

मारणाऱ्याने सगळं बरोबर केलं तरी भागत नाही, हेही सांगायला हवं. १० सप्टेंबर १९३९ ला नॉर्वेजवळ ट्रायटन या ब्रिटिश पाणबुडीला समोर एक पाणबुडी दिसली. तिने दिव्याने तीनदा ओळख विचारली, फ्लेअर उडवला, वाट पाहिली, आणि मग टॉर्पेडो सोडले. ती ब्रिटिशांचीच ऑक्सली होती, आपला नेमून दिलेला पट्टा सोडून भरकटलेली. दोघेच वाचले. आपल्या हद्दीत राहणं, आणि हद्द सोडावी लागली तर ते लगेच कळवणं, ही गोळीबाराच्या शिस्तीची दुसरी बाजू आहे, आणि ती ज्याच्यावर गोळी येऊ शकते त्याने पाळायची आहे.

थांबवण्याचा अधिकार मात्र सगळ्यांना. ‘फायर बंद’ हे कुठल्याही हुद्द्याच्या माणसाने, अगदी काल भरती झालेल्यानेही, आपली माणसं दिसली की ओरडायचं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने तेच ओरडून पुढे पोचवायचं. कारण नंतर विचारायचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात २ मे १८६३ च्या रात्री चॅन्सलर्सव्हिल इथे दक्षिणेचे जनरल ‘स्टोनवॉल’ जॅक्सन फळीपुढे टेहळणी करून परतत होते. अंधारात आपल्याच माणसांनी मारा केला. ही आपली माणसं आहेत, असं कुणीतरी ओरडून सांगितलं. ती शत्रूची चाल आहे असं वाटून पलीकडच्या एका मेजरने मारा चालू ठेवायला सांगितलं. जॅक्सन १० मेला मेले. ते पुढे गेलेत हे त्या रेजिमेंटला माहीत नव्हतं.

गस्त परत आत घेणं म्हणूनच स्वतंत्र कवायत आहे. निघताना मोर्चाला सांगायचं: किती जण, कुठून बाहेर, कुठून आत, किती वाजता, उशीर झाला तर काय. परतताना सगळी गस्त मागे थांबते, दोघेच पुढे येतात. लांबून ठरलेला इशारा, मग जवळ येऊन परवलीचा शब्द. आव्हान हळू आवाजात द्यायचं, शत्रूला ऐकू जाईल असं नाही. नॉर्मंडीत अमेरिकी छत्रीधारी सैनिकांकडे पितळी टिकटिकी होती, एका टिकेला दोन टिकांचं उत्तर. शब्दांत ‘फ्लॅश’ला ‘थंडर’. परवल ठरलेल्या वेळी बदलते आणि बाहेर असलेल्या गस्तीला जुनीच ठाऊक असते, म्हणून बदलाच्या वेळेपलीकडे बाहेर राहणाऱ्यांना दोन्ही शब्द देऊन पाठवायचं. वाटाड्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत आत घेतो. आठ गेले असतील तर आठच. शेवटचा माणूस ‘मी शेवटचा’ म्हणतो आणि त्याच्यामागून जो कोणी येईल त्याला पुन्हा पहिल्यापासून आव्हान. मग ‘गस्त आत’ हा निरोप डावीकडच्या आणि उजवीकडच्या मोर्चांना जातो, आणि त्या दोघांकडून ‘कळलं’ असं परत येईपर्यंत वाटाड्या आपली जागा सोडत नाही.